मराठी–इंग्रजी कळफलक: मांडणी कशी बदलावी आणि शॉर्टकट कसे टिकवावेत

संगणकावर मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत काम करणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी 'सोीोूपग' असे काहीतरी टाइप केलेले असते. हाताने इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे 'मराठी' लिहिलेले असते, पण कळफलक मराठीत राहिलेला असतो, आणि एम, ए, आर, ए, टी, एच, आय या कळांवरची देवनागरी चिन्हे पडद्यावर उमटतात. एवढे पुसून पुन्हा लिहायला दहा सेकंद लागतात, पण दिवसातून पन्नास वेळा असे झाले, की माणूस मराठीत लिहिणेच टाळू लागतो आणि रोमन लिपीत मराठी लिहून मोकळा होतो. मी गेली अनेक वर्षे अनुवाद आणि मुद्रितशोधनाचे काम करते. मराठी टायपिंग अर्ध्यावर सोडून दिलेली जी माणसे मला भेटली, त्यांतल्या बहुतेकांना अक्षरांच्या जागा अवघड गेल्या नव्हत्या. त्यांना त्रास झाला होता तो सतत मांडणी बदलण्याचा आणि मराठी चालू असताना शॉर्टकट न चालण्याचा. म्हणून या लेखात याच दोन गोष्टी नीट लावून घेण्याची रीत सांगितली आहे. उदाहरणे देवनागरीची असली, तरी रशियन, ग्रीक किंवा इतर भारतीय लिप्यांत काम करणाऱ्यांनाही तिचा बराचसा भाग लागू पडेल.

सुरुवातीलाच एक तत्त्व सांगते, कारण पुढच्या साऱ्या सूचना त्यावर उभ्या आहेत. मांडणी बदलण्याचे दोन प्रकार असतात. एका प्रकारात एकच कळ दर वेळी पुढच्या मांडणीवर नेते. इंग्रजी असेल तर मराठी होते, मराठी असेल तर इंग्रजी होते. दुसऱ्या प्रकारात इंग्रजीसाठी एक कळ आणि मराठीसाठी दुसरी कळ ठरलेली असते, आणि आधी काहीही चालू असले तरी ती कळ दाबल्यावर नेमकी तीच मांडणी येते. पहिल्या प्रकारात आत्ता आपण कोणत्या मांडणीत आहोत हे आधी ठाऊक असावे लागते, आणि ते पाहण्यासाठी डोळे पडद्याच्या कोपऱ्याकडे न्यावे लागतात. दुसऱ्या प्रकारात ते ठाऊक असण्याची गरजच उरत नाही. मराठी लिहायचे आहे, मराठीची कळ दाबली, लिहू लागलो, इतके ते सरळ होते. शक्य असेल तिथे दुसरा प्रकारच स्वीकारावा, असे माझे ठाम मत आहे, आणि हे सोयीचे काम बहुतेक पुस्तिकांत एका ओळीत उरकलेले असते याचे मला नेहमी वाईट वाटते.

मांडणीची निवड

बदलाच्या कळा ठरवण्याआधी कोणती मराठी मांडणी वापरायची हे पक्के करावे लागते. आज विंडोजवर दोन पर्याय सहज मिळतात. एक फोनेटिक, म्हणजे रोमन अक्षरांत उच्चार टाइप करायचा आणि संगणकाने त्याचे देवनागरी करून द्यायचे. विंडोज १० च्या मे २०१९ च्या आवृत्तीपासून मराठीसह दहा भारतीय भाषांसाठी ही सोय आलेली आहे. दुसरा पर्याय इन्स्क्रिप्टचा आहे. ही मांडणी भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये प्रमाण म्हणून पुढे आणली, आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १३१९४ या मानकात तिचा समावेश झाला.

महिन्यातून दोन पत्रे लिहिणाऱ्याला फोनेटिक पुरेशी आहे. रोज मराठी लिहिणाऱ्याने मात्र इन्स्क्रिप्ट शिकावी, असे मी आग्रहाने सांगते. फोनेटिकमध्ये 'न' की 'ण', 'ल' की 'ळ', 'श' की 'ष', ऱ्हस्व की दीर्घ, हे प्रत्येक वेळी सुचवलेल्या शब्दांच्या यादीतून निवडावे लागते, आणि संगणकाने चुकीचा शब्द वर दाखवला की लेखनाची लय तुटते. इन्स्क्रिप्टमध्ये प्रत्येक चिन्हाला एकच जागा आहे. शिवाय तिची रचना वर्णमालेवरूनच बेतलेली असल्यामुळे मराठी माणसाला ती पाठ करावी लागत नाही, समजून घेता येते.

स्वर आणि त्यांच्या मात्रा डाव्या हाताकडे, आणि व्यंजने मुख्यतः उजव्या हाताकडे आहेत. नुसती कळ दाबली की मात्रा आणि शिफ्टसह दाबली की पूर्ण स्वर, हा डावीकडचा नियम आहे. ई या कळीवर 'ा' आणि शिफ्टसह 'आ', आर या कळीवर 'ी' आणि शिफ्टसह 'ई', एफवर 'ि' आणि 'इ', जीवर 'ु' आणि 'उ'. उजवीकडे अनेक व्यंजनांच्या बाबतीत नुसती कळ अल्पप्राण देते आणि शिफ्टसह तीच कळ महाप्राण देते: के या कळीवर 'क' आणि 'ख', आयवर 'ग' आणि 'घ', एलवर 'त' आणि 'थ', ओवर 'द' आणि 'ध', एचवर 'प' आणि 'फ', वायवर 'ब' आणि 'भ'. पाय मोडण्याचे चिन्ह डी या कळीवर आहे, आणि जोडाक्षरे लिहिताना डाव्या हाताचे मधले बोट तिथेच विसावलेले असल्यामुळे ते फार सोयीचे पडते. 'मराठी' हा शब्द सी, जे, ई, शिफ्टसह अवतरणचिन्हाची कळ आणि आर अशा पाच ठोक्यांत होतो. 'ळ' एन या कळीवर शिफ्टसह आहे, म्हणून 'शाळा' लिहायला शिफ्टसह एम, ई, शिफ्टसह एन, ई एवढे पुरते. एफ आणि जे या कळांवर बोटांना जाणवणारे जे उंचवटे असतात, त्यांच्यावर अनुक्रमे 'ि' आणि 'र' येतात. न पाहता टाइप करण्याची सवय इथूनच सुरू करावी.

इन्स्क्रिप्टचा आणखी एक लाभ असा, की देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या हिंदी, कोकणी आणि संस्कृत या भाषांसाठी जागा जवळजवळ त्याच राहतात. गुजराती, तेलुगू यांसारख्या इतर भारतीय लिप्यांतही 'क'च्या उच्चाराचे अक्षर के याच कळीवर असते. गोव्यात मराठी आणि कोकणी दोन्ही लिहिणाऱ्याला म्हणूनच दोन वेगळ्या मांडण्या शिकाव्या लागत नाहीत.

विंडोजवरची जुळवणी

सेटिंग्ज उघडून 'टाइम अँड लँग्वेज' आणि त्यात 'लँग्वेज अँड रीजन' येथे जावे. 'ॲड अ लँग्वेज' दाबून मराठी निवडावे. त्या वेळी विंडोजचे मेनूही मराठीत करण्याचा पर्याय समोर येतो. तो नको असेल तर त्याची खूण काढून टाकावी, कारण मराठी टाइप करता येण्याशी त्याचा काही संबंध नाही. मराठी यादीत आल्यावर तिच्यासमोरच्या तीन टिंबांतून 'लँग्वेज ऑप्शन्स' उघडावे. तिथे 'कीबोर्ड्स' या शीर्षकाखाली कोणती मांडणी लागली आहे ते दिसते. इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक यांपैकी जी वापरायची ती ठेवावी आणि दुसरी काढून टाकावी. 'असू दे, कधीतरी लागेल' म्हणून दोन्ही ठेवण्याचा मोह टाळावा, कारण यादीतली प्रत्येक जादा मांडणी बदलाच्या फेऱ्यात एक थांबा वाढवते.

हीच दक्षता इंग्रजीच्या बाबतीतही घ्यावी. पुष्कळ संगणकांवर अमेरिकी इंग्रजी आणि भारतीय इंग्रजी अशा दोन नोंदी असतात, आणि दोन्ही जवळपास सारख्याच दिसत असल्याने तिसरा थांबा आहे हे लक्षातही येत नाही. मग मराठीवरून इंग्रजीवर यायला कधी एकदा तर कधी दोनदा कळ दाबावी लागते आणि बोटांना सवय अशी लागतच नाही. दोहोंपैकी एकच ठेवायची तर मी भारतीय इंग्रजी ठेवते, कारण तिच्यात उजवी आल्ट कळ धरून ४ दाबले की रुपयाचे ₹ हे चिन्ह मिळते.

आता बदलाच्या कळा. विंडोज कळ आणि स्पेसबार एकत्र दाबल्यावर यादीतली पुढची मांडणी येते आणि तिचे नावही क्षणभर पडद्यावर दिसते. डावी आल्ट आणि शिफ्ट दाबली की भाषा बदलते. कंट्रोल आणि शिफ्टची जोडी एकाच भाषेतल्या निरनिराळ्या मांडण्यांमध्ये फिरवण्यासाठी असते. हे सारे पहिल्या, म्हणजे फिरत्या प्रकारातले बदल झाले. नेमक्या कळा लावण्यासाठी 'टाइम अँड लँग्वेज'मधील 'टायपिंग' या पानावर जाऊन 'ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज' आणि त्यातले 'इनपुट लँग्वेज हॉट कीज' उघडावे. जी छोटी जुन्या धाटणीची चौकट येते, तिच्यात प्रत्येक मांडणीची स्वतंत्र ओळ असते. इंग्रजीची ओळ निवडून 'चेंज की सीक्वेन्स' दाबावे आणि डावी आल्ट, शिफ्ट व १ अशी जोडी द्यावी. मराठीच्या ओळीला डावी आल्ट, शिफ्ट व २ द्यावी. त्याच चौकटीत कंट्रोल, शिफ्ट व अंक असाही पर्याय आहे, पण तो मराठीसाठी घेऊ नये. विंडोजच्या भारतीय मांडण्यांत कंट्रोल, शिफ्ट व १ आणि कंट्रोल, शिफ्ट व २ या जोड्यांवर जोडाक्षरे जोडणारी आणि तोडणारी दोन अदृश्य चिन्हे ठेवलेली आहेत, आणि ती पुढे कामाला येतात.

नेमक्या कळा लावल्या की आधीची फिरती आल्ट-शिफ्टची जोडी त्याच चौकटीतून बंद करावी. दोन्ही चालू राहिल्या तर अंक दाबायच्या आत बोट सुटले, की भाषा आपोआप फिरते आणि मग दोष कोणाचा ते कळत नाही.

'ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज' या पानावर प्रत्येक खिडकीसाठी वेगळी मांडणी लक्षात ठेवण्याचाही पर्याय असतो. तो चालू केला तर लेखनाच्या खिडकीत मराठी आणि ब्राउझरच्या खिडकीत इंग्रजी राहते, आणि एकीतून दुसरीत गेल्यावर मांडणी आपोआप बदलते. अनुवाद करताना एका बाजूला मूळ इंग्रजी मजकुरात शोध घ्यायचा आणि दुसऱ्या बाजूला मराठी लिहायचे, अशा कामात हा पर्याय उत्तम आहे. मात्र जो माणूस एकाच खिडकीत दोन्ही भाषा मिसळून लिहितो, त्याने तो बंद ठेवलेला बरा. नाहीतर कोणत्या खिडकीत शेवटी काय होते याची आठवण ठेवण्याचे नवे ओझे डोक्यावर येते.

वर्ड वापरणाऱ्यांसाठी एक विशेष सूचना. वर्डच्या पर्यायांत 'ॲडव्हान्स्ड' या भागात, आजूबाजूच्या मजकुराच्या भाषेप्रमाणे कळफलक आपोआप बदलण्याची एक खूण असते. ती चालू असेल, तर मराठी परिच्छेदात कर्सर नेला की मांडणी मराठी होते आणि इंग्रजी परिच्छेदात नेला की इंग्रजी. ऐकायला हे सोयीचे वाटते. प्रत्यक्षात मराठी वाक्याच्या मधोमध इंग्रजी नाव घालायचे असते, तेव्हा आपण एक ठरवतो आणि वर्ड दुसरेच ठरवतो. एका कार्यालयात मला दाखवण्यात आले होते, की संगणक 'मनाला येईल तेव्हा भाषा बदलतो' म्हणून सहा महिने लोक हैराण होते. ही एक खूण काढल्यावर तो त्रास थांबला.

शॉर्टकट का चालतात आणि का अडतात

मराठी मांडणी चालू असताना कंट्रोल आणि सी दाबले तर मजकूर कॉपी होईल की नाही, या प्रश्नाचे उत्तर कळ दाबल्यावर आत काय घडते ते जाणल्याशिवाय नीट देता येत नाही. कळफलक संगणकाला अक्षर पाठवत नाही. अमुक ओळीतली अमुक जागेवरची कळ दाबली गेली, एवढेच तो कळवतो. त्या जागेचे अक्षरात रूपांतर कार्यप्रणाली करते, आणि ते करताना चालू मांडणी पाहते. मग एखादा प्रोग्रॅम शॉर्टकट ओळखताना तीनपैकी काहीतरी एक पाहतो: कळीची जागा, कार्यप्रणालीने कळीला दिलेले अंतर्गत नाव, किंवा शेवटी उमटणारे अक्षर. मराठी चालू असताना पहिल्या दोहोंत फरक पडत नाही, तिसऱ्यात पडतो. सारा गुंता या तिसऱ्या रीतीमुळे होतो.

विंडोजने या बाबतीत शहाणपणाचा मार्ग घेतलेला आहे. मराठी, रशियन किंवा ग्रीक मांडणी लावली, तरी सीच्या जागेवरच्या कळीचे अंतर्गत नाव सी हेच राहते, फक्त तिच्यावर उमटणारे अक्षर बदलते. त्यामुळे मराठीतच राहून कंट्रोल आणि सी, व्ही, एक्स, झेड, एस, एफ हे सारे शॉर्टकट बहुतेक ठिकाणी चालतात. कॉपी-पेस्ट करण्यासाठी पुष्कळ लोक आधी इंग्रजीवर जातात आणि मग पुन्हा मराठीवर येतात. विंडोजवर त्याची गरज नाही, आणि ही सवय सुटली तर दिवसभरातले निम्मे बदल वाचतात.

अडचण येते ती दोन ठिकाणी. काही प्रोग्रॅममध्ये आल्ट आणि एखादे अक्षर दाबून मेनू उघडण्याची सोय असते, आणि ती उमटणाऱ्या अक्षराकडे पाहणारी असेल तर मराठीत प्रतिसाद देत नाही. अशा वेळी नुसती आल्ट किंवा एफ१० दाबून मेनूपट्टीवर जावे आणि बाणांच्या कळांनी पुढे सरकावे. दुसरे ठिकाण म्हणजे एकेरी अक्षरांचे शॉर्टकट: चित्रसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये ब्रशसाठी बी, किंवा ई-मेलच्या संकेतस्थळावर उत्तर देण्यासाठी आर. इथे कंट्रोल नसते, त्यामुळे मराठी चालू असताना 'व' किंवा 'ी' उमटतो आणि प्रोग्रॅमला त्याचा अर्थ लागत नाही. अशा प्रोग्रॅमसाठी वर सांगितलेला 'प्रत्येक खिडकीला वेगळी मांडणी' हा पर्याय चांगला उपयोगी पडतो, कारण तिथे एकदा इंग्रजी लावली की ती टिकून राहते.

संकेतस्थळे बनवणाऱ्या मराठी तरुणांना इथे एक विनंती करते. जावास्क्रिप्टमध्ये कळ दाबल्याची जी घटना मिळते, तिच्यात 'की' आणि 'कोड' असे दोन गुणधर्म असतात. इन्स्क्रिप्ट चालू असताना के ही कळ दाबली तर 'की'मध्ये 'क' मिळतो, आणि 'कोड'मध्ये मात्र कळीच्या जागेचे नाव मिळते, जे मांडणी बदलली तरी बदलत नाही. शॉर्टकट ओळखताना आधी 'की' पाहावे, आणि तिथे लॅटिन अक्षर नसेल तर 'कोड'कडे वळावे. सुरुवातीपासूनच नुसते 'कोड'वर विसंबले, तर फ्रेंच मांडणीसारख्या, जिथे लॅटिन अक्षरांच्याच जागा वेगळ्या आहेत, तिथे शॉर्टकट भलत्याच कळीवर जातो. दोन ओळींची ही काळजी घेतली, तर जगातल्या सगळ्या बिगर-लॅटिन लिप्यांत लिहिणाऱ्यांची सोय होते.

लिनक्स

लिनक्सवर मराठी दोन वेगळ्या मार्गांनी लावता येते, आणि शॉर्टकटच्या दृष्टीने दोहोंत मोठा फरक आहे. पहिला मार्ग म्हणजे कळफलकाची मांडणीच मराठी करणे. दुसरा म्हणजे आयबससारख्या इनपुट मेथडमधून, म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांचे दुसऱ्या लिपीत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅममधून, मराठी निवडणे. पहिल्या मार्गात कळीचे अक्षरच बदलते. ग्नोम आणि केडीई या लिनक्सवरच्या दोन डेस्कटॉप-प्रणालींचे नेहमीचे प्रोग्रॅम अशा वेळी यादीतल्या दुसऱ्या मांडण्यांकडे पाहतात, आणि त्यांत एखादी लॅटिन मांडणी सापडली तर तिच्यानुसार कंट्रोल-सीचा अर्थ लावतात. म्हणूनच लिनक्सवर इंग्रजी मांडणी यादीतून कधीही काढू नये, आणि शक्यतो ती पहिल्या क्रमांकावर ठेवावी. एवढे करूनही एखादा प्रोग्रॅम हट्ट धरतोच. दुसऱ्या मार्गात मूळ मांडणी इंग्रजीच राहते, तिच्या अक्षरांचे देवनागरी करण्याचे काम आयबस करते आणि कंट्रोलसह आलेल्या कळा ती न बदलता पुढे सोडते, त्यामुळे शॉर्टकट अडण्याचे प्रसंग फार कमी येतात. आयबससाठी एम१७एन नावाचा संच बसवला, की मराठीचे इन्स्क्रिप्ट, सुधारित इन्स्क्रिप्ट२ आणि फोनेटिक असे पर्याय यादीत दिसू लागतात. मी स्वतः इन्स्क्रिप्ट२ वापरते.

ग्नोममध्ये सेटिंग्जमधील 'कीबोर्ड' या पानावर 'इनपुट सोर्सेस'खाली अधिकचे चिन्ह दाबून मराठी घ्यावी. सुपर, म्हणजे विंडोज कळ आणि स्पेसबार यांनी मांडणी पुढे सरकते, आणि शिफ्टही धरली तर मागे. सर्व खिडक्यांना एकच मांडणी की प्रत्येकीला वेगळी, हा पर्याय याच पानावर असतो.

केडीईमध्ये, मांडणीचा मार्ग घेतला असेल तर, मला सर्वांत आवडणारी सोय मिळते. सिस्टिम सेटिंग्जमधल्या कीबोर्डच्या प्रगत पर्यायांत मांडणी बदलण्याच्या कळांची लांबलचक यादी आहे. तिच्यात कॅप्स लॉकने पहिली मांडणी आणि शिफ्टसह कॅप्स लॉकने दुसरी मांडणी, असा एक पर्याय आहे. नेमक्या कळांचे जे तत्त्व सुरुवातीला सांगितले, ते इथे एकाच कळीवर, करंगळीच्या टप्प्यात, साध्य होते. देवनागरीत मोठी आणि लहान अक्षरे नसल्यामुळे मराठी लिहिणाऱ्याला कॅप्स लॉकचा फारसा उपयोग नसतोच. त्याच यादीत कळफलकावरचा एखादा दिवा दुसरी मांडणी चालू असताना लावून ठेवण्याचाही पर्याय आहे. तो लावला, की मराठी चालू आहे हे डोळ्यांच्या कोपऱ्यातूनही कळते.

मॅक

मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमधल्या 'कीबोर्ड' या पानावरून 'इनपुट सोर्सेस'मध्ये जाऊन मराठी जोडावी. कंट्रोल आणि स्पेसबारने आधीची मांडणी परत येते. ऑप्शनही सोबत धरली तर यादीतली पुढची येते. कॅप्स लॉकने लॅटिन मांडणीवर ये-जा करण्याचा पर्यायही तिथेच आहे आणि तो अवश्य वापरून पाहावा. शॉर्टकटची चिंता मॅकवर क्वचितच करावी लागते, कारण तिथल्या मांडण्यांत कमांड कळ धरलेली असतानाची अक्षरे वेगळ्या तक्त्यात दिलेली असतात आणि तो तक्ता सहसा लॅटिन असतो. फक्त कंट्रोल-स्पेसबार ही जोडी प्रोग्रॅम लिहिण्याच्या संपादकांत शब्द सुचवण्यासाठीही वापरली जाते, तेव्हा दोहोंपैकी एक बदलून घ्यावी.

संपादक आणि विकिपीडिया

विम या मजकूर-संपादकात काम करणाऱ्यांना वेगळाच अनुभव येतो. मराठी लिहून एस्केप दाबले आणि खाली जाण्यासाठी जे दाबला, तर विमला 'र' मिळतो आणि कर्सर जागचा हलत नाही. यावर 'लँगमॅप' नावाचे सेटिंग आहे. त्यात 'र' म्हणजे जे, 'क' म्हणजे के असे एकदा लिहून ठेवले, की आज्ञा देताना मराठी मांडणी आड येत नाही. ईमॅक्स या दुसऱ्या संपादकाचा मार्ग याहून सोपा आहे. त्याच्या पोटातच देवनागरी इन्स्क्रिप्टची इनपुट मेथड आहे. ती एकदा निवडली, की कंट्रोल आणि बॅकस्लॅशने चालू-बंद होते, आणि संगणकाची मांडणी इंग्रजीच राहत असल्याने ईमॅक्सच्या साऱ्या आज्ञा जशाच्या तशा चालतात.

मराठी विकिपीडियावर संपादन करताना पानातच मराठी टाइप करण्याची सोय आहे, आणि कंट्रोल व एम या जोडीने ती चालू किंवा बंद होते. दुसऱ्याच्या संगणकावर बसून लिहायचे असेल तेव्हा ती मोलाची ठरते. मात्र स्वतःच्या संगणकावर आधीच मराठी मांडणी लावलेली असेल, तर ही पानातली सोय बंद ठेवावी, म्हणजे रूपांतराचे काम एकाच ठिकाणी होईल.

दिसायला एक, लिहायला दोन

मांडणी नीट बसल्यावर मराठीला खास लागणाऱ्या दोन अक्षरांकडे लक्ष द्यावे, कारण शोधण्याच्या शॉर्टकटचा भरवसा त्यांच्यावर अवलंबून आहे. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' या शब्दांत गुरू आणि स्वयंपाकी इतका फरक आहे. दुसऱ्या शब्दातला अर्धा र लिहिण्यासाठी इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्टसह जे, म्हणजे 'ऱ', मग डी, म्हणजे पाय मोडण्याचे चिन्ह, आणि मग 'य' लिहावा. 'वऱ्हाड' बी, शिफ्टसह जे, डी, यू, ई आणि डावा चौकटी कंस या क्रमाने होते. साधा 'र', पाय मोडण्याचे चिन्ह आणि त्यापुढे जोडणारे अदृश्य चिन्ह घालूनही हेच रूप पडद्यावर दिसते, पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी लेखने आहेत. एका पुस्तकाच्या मुद्रितशोधनात मी 'दुसऱ्या' हा शब्द कंट्रोल-एफने शोधत होते, आणि निम्म्या जागा सापडतच नव्हत्या, कारण दोन जणांनी दोन रीतींनी टाइप केले होते. म्हणून एकत्र काम करणाऱ्यांनी एक रीत ठरवून घ्यावी, आणि ती 'ऱ'ची असावी.

'ॲ'चेही असेच आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक मानकात, हे अक्षर २००८ साली स्वतंत्रपणे आले. त्याआधी आणि अजूनही पुष्कळ जण 'अ' लिहून त्यावर चंद्र देतात. दिसायला दोन्ही सारखी, शोधताना वेगळी. काही मांडण्यांत अंकांच्या रांगेत शिफ्टसह १ दाबल्यावर 'ऍ' येते, जे हिंदीचे रूप आहे. पडद्यावरचा कळफलक एकदा उघडून आपल्या मांडणीत 'ॲ' नेमके कुठे आहे ते पाहून ठेवावे.

विंडोजच्या इन्स्क्रिप्टमध्ये अंकांच्या रांगेत शिफ्टसह ५, ६, ७, ८ या कळांवर 'ज्ञ', 'त्र', 'क्ष', 'श्र' तयार मिळतात. एका ठोक्यात आलेली ही जोडाक्षरे आत तीन-तीन चिन्हांची असतात. बहुतेक प्रोग्रॅममध्ये बॅकस्पेस मागून एकेक चिन्ह पुसते आणि डिलीट पुढचे संपूर्ण अक्षर पुसते. चुकलेली मात्रा दुरुस्त करायची असेल तर बॅकस्पेस वापरावी, आणि अक्षरच नको असेल तर त्याच्या आधी कर्सर नेऊन डिलीट वापरावी.

संगणक सुरू करतानाचा पासवर्ड

एक गोष्ट राहिली, आणि ती आधीच करून ठेवलेली बरी. पासवर्ड लिहिताना अक्षरांऐवजी टिंबे दिसतात, त्यामुळे मांडणी मराठी राहिली असेल तर ते कळायला मार्ग नसतो. पासवर्ड बरोबर असूनही संगणक तो नाकारतो, आणि घाबरलेला माणूस तो बदलायला धावतो. विंडोजच्या प्रवेशाच्या पडद्यावर उजव्या खालच्या कोपऱ्यात चालू मांडणीची खूण असते. पासवर्ड नाकारला गेला तर दुसरा प्रयत्न करण्याआधी ती पाहावी, आणि गरज असल्यास विंडोज कळ व स्पेसबारने इंग्रजीवर यावे. तिथेच डोळ्याचे चित्र असेल, तर ते दाबून धरल्यावर लिहिलेला पासवर्ड उघडा दिसतो आणि शंका फिटते. भाषांच्या यादीत इंग्रजी सर्वांत वर ठेवली, तर हा प्रसंग सहसा येत नाही. ज्या घरात एकाच संगणकावर आजोबा मराठीत लिहितात आणि नातवंडे इंग्रजीत अभ्यास करतात, तिथे प्रत्येकाचे स्वतंत्र खाते उघडून द्यावे आणि मांडण्यांची यादी व बदलाच्या कळा ज्याच्या त्याच्या खात्यात त्याच्या सवयीप्रमाणे लावून द्याव्यात.